आंद्रेआ पिर्लो : बाज्जोने जागा अडवली नसती तर?

मध्यरेषा

इटलीचा निवृत्त फुटबॉलपटू आंद्रेआ पिर्लो याच्याविषयीचे बहुतेक लिखाण 2006 च्या विश्वचषकापासून सुरू होते आणि 2012 च्या युरो स्पर्धेतल्या त्या सुप्रसिद्ध पेनल्टीपाशी येऊन थांबते. मला मात्र त्याच्या कारकिर्दीतली खरी कलाटणी 2001 च्या पहिल्या सहामाहीत दिसते, आणि ती त्याच्या मनाजोगी नव्हे, तर नाइलाजाने मिळालेली होती.

पिर्लोचा जन्म 19 मे 1979 चा, उत्तर इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या फ्लेरो या गावातला. ब्रेशियाच्याच संघाकडून 21 मे 1995 रोजी, म्हणजे सोळावे वर्ष पूर्ण झाल्यावर दोन दिवसांनी, तो सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, पहिला सामना खेळला. तेव्हा तो आघाडीपटूंच्या लगेच मागे खेळत असे. इटलीत या जागेचा मान मोठा, आणि म्हणून तिच्यासाठी स्पर्धाही मोठी. 1998 मध्ये मिलान शहरातल्या इंटर या क्लबने त्याला घेतले, पण त्या एका हंगामात इंटरने चार प्रशिक्षक पाहिले आणि पिर्लोच्या जागेवर इटलीचा नामवंत खेळाडू, दस्तुरखुद्द रोबेर्तो बाज्जो होता. पुढच्या वर्षी त्याला रेज्जिना संघाकडे लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना, धाडण्यात आले. 2000 साली मार्को तार्देल्लीच्या प्रशिक्षणाखाली इटलीने 21 वर्षांखालील युरोपीय अजिंक्यपद जिंकले. पिर्लो कर्णधार होता, अंतिम सामन्यातले इटलीचे दोन्ही गोल त्याचे होते आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. काही महिन्यांतच तार्देल्ली इंटरचा प्रशिक्षक झाला. आता तरी याचे नशीब उघडेल असे कोणालाही वाटले असते, पण जानेवारी 2001 मध्ये पिर्लो पुन्हा लोनवर, ब्रेशियाकडे परतला.

आणि तिथे त्याच्या जागेवर कोण होते? पुन्हा बाज्जो! तो आदल्या उन्हाळ्यातच इंटर सोडून ब्रेशियात आला होता. ब्रेशियाचे वयोवृद्ध प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी बाज्जोला हलवणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी पिर्लोला तीस-चाळीस मीटर मागे, थेट बचावफळीच्या पुढ्यात आणून उभे केले. माझा मुद्दा असा आहे, की बाज्जोने ती जागा अडवली नसती तर पिर्लो हा इटलीतल्या अनेक गुणी पण अर्धवट राहिलेल्या ‘नंबर दहा’ खेळाडूंपैकी एक म्हणून विस्मरणात गेला असता. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

उत्तररात्र

धागा उत्तम आहे, पण श्रेयाच्या वाटपाविषयी माझी तक्रार आहे. मात्सोने यांनी जे केले ती सोय होती. ती तात्पुरती होती, दुखापतीमुळे ब्रेशियात पिर्लोच्या वाट्याला सामनेही मोजकेच आले. त्या सोयीची पद्धत बनवली ती एसी मिलान या क्लबमध्ये कार्लो अँचेलोटी यांनी, आणि तेही लगेच नव्हे. 2001 च्या उन्हाळ्यात पिर्लो मिलानमध्ये आला तेव्हा फातिह तेरिम प्रशिक्षक होते. नोव्हेंबरात त्यांची उचलबांगडी होऊन अँचेलोटी आले. पुढे त्याच जागेवर खेळणाऱ्या आल्बेर्तिनीने क्लब सोडला, तिथलाच रेदोंदो गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत नव्हता, आणि पिर्लोने आपण मागे खेळू शकतो हे स्वतःहून प्रशिक्षकांना सांगितले.

यातली गंमत जाणकारांच्या लक्षात येईलच. याच अँचेलोटी यांनी 1997 मध्ये पार्माचे प्रशिक्षक असताना बाज्जोला घ्यायला नकार दिला होता, कारण त्यांच्या 4-4-2 च्या (चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन आघाडीवर) चौकटीत आघाडीमागे मोकळे फिरणाऱ्या खेळाडूला जागाच नव्हती. पुढे त्यांनी त्या निर्णयाबद्दल खेदही व्यक्त केला. मिलानमध्ये तोच माणूस इतका बदलला होता, की पिर्लो, सीडॉर्फ आणि रुई कोस्ता हे तिघेही मूळचे कलाकुसरीचे खेळाडू त्याने एकाच मधल्या फळीत बसवले, आणि त्यांच्यासाठी धावायला जेन्नारो गट्टुसो ठेवला. 2003 ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा), 2004 चे सेरी आ विजेतेपद आणि 2007 ची चॅम्पियन्स लीग या चौकटीतूनच आली.

शांभवी_त

एक प्राथमिक शंका विचारते. बचावफळीच्या पुढे खेळणारा खेळाडू चेंडू हिसकावणारा, दांडगा असावा अशी आपली समजूत असते. पिर्लो ना वेगवान होता, ना धिप्पाड. मग ज्याला पुढे खेळायला वेग कमी पडत होता, तो मागे, जिथे एक चूक म्हणजे थेट गोल, तिथे कसा चालला?

मध्यरेषा

शांभवी_त, आपली शंका अजिबात प्राथमिक नाही. सगळा विषय तिथेच आहे.

आघाडीमागे खेळणाऱ्याला चेंडू मिळतो तेव्हा बहुधा त्याची पाठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे असते आणि कोणीतरी त्याला चिकटून उभा असतो. वळून मोकळे व्हायचे तर पहिल्या दोन-तीन पावलांचा वेग लागतो. पिर्लोकडे तोच नव्हता. बचावफळीपुढे मात्र चेंडू स्वतःच्या गोलरक्षकाकडून किंवा बचावपटूकडून येतो, त्या काळी तिथपर्यंत प्रतिस्पर्धी सहसा धावून येत नसत, आणि अंग थोडे तिरपे ठेवून चेंडू घेतला की सारे मैदान समोर उघडे पडते. पिर्लोचे सामने पुन्हा पाहिलेत तर चेंडूकडे न बघता त्याच्या मानेकडे बघा. चेंडू येण्यापूर्वी तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहून घेतो, त्यामुळे चेंडू पायाशी येईपर्यंत पुढचा पास कुठे जायचा हे ठरलेले असते. ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला धावावे लागत नाही.

1 एप्रिल 2001 रोजी तूरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध ब्रेशिया एका गोलने मागे होते आणि सामन्याची चारच मिनिटे उरली होती. पिर्लोने मध्यरेषेच्या आसपासून बचावपटूंच्या डोक्यावरून एक लांब पास दिला. बाज्जोने धावत्या पायावर तो अलगद घेतला, त्याच एका स्पर्शात गोलरक्षक व्हान डर सारला बाजूला टाकले आणि चेंडू रिकाम्या जाळ्यात सारला. सगळे लोक बाज्जोचा तो स्पर्श आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण तो पास आघाडीमागच्या जागेवरून देताच आला नसता. सामना 1-1 असा सुटला. त्या हंगामाअखेर विजेत्या रोमाचे 75 गुण झाले आणि युव्हेंटसचे 73, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बरोबरीची किंमत कळते.

उत्तररात्र यांना एवढेच सांगतो, की मात्सोने यांच्यासाठी ती निव्वळ सोय नसावी. पिर्लो मिलानला गेल्यावर त्यांच्या संघात त्याच जागेवर कोण आला ते पाहा : बार्सिलोना सोडलेला पेप गार्डिओला. बचावापुढे विचारी खेळाडू हवा, ही त्या गृहस्थांची धारणाच होती.

तालीमकट्टा

आमच्या कोल्हापुरात पेठापेठांच्या सामन्यांत अशा खेळाडूवर पहिल्या मिनिटापासून एक माणूस सोडतात आणि ‘चेंडू राहू दे, याला सोडू नकोस’ एवढीच सूचना देतात. इटलीत वर्षानुवर्षे हे कोणाला सुचले नाही याचे मला कायम नवल वाटत आले आहे. इंग्लंडमध्ये मात्र ते सुचले. चॅम्पियन्स लीगमध्ये फेब्रुवारी आणि मार्च 2010 मध्ये मिलान व मँचेस्टर युनायटेड समोरासमोर आले तेव्हा युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी कोरियाच्या पार्क जी-सुंगला हेच काम दिले. सान सिरोवर युनायटेड 3-2 आणि ओल्ड ट्रॅफर्डवर 4-0 असे जिंकले. दुसऱ्या सामन्यात पार्कने पिर्लोला बांधून ठेवलेच, वर एक गोलही केला. दोन-तीन पावले मोकळी मिळाली नाहीत तर हा कलावंत कसा हतबल होतो, याचा तो वस्तुपाठ होता.

म्हणूनच गट्टुसोचे नाव इतके ओझरते घेतलेले मला पटत नाही. पिर्लोच्या शेजारी गट्टुसो आणि अँब्रोसिनी नसते, पुढे युव्हेंटसमध्ये विदाल आणि मार्किसिओ नसते, तर मानेच्या त्या हालचालींचे कौतुक करायला आपण आलोच नसतो. 2008 च्या युरोमध्ये पिवळ्या कार्डांमुळे स्पेनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात पिर्लो आणि गट्टुसो दोघेही बाहेर होते. 120 मिनिटे इटलीने गोल होऊ दिला नाही, पण स्वतःलाही करता आला नाही, आणि पेनल्टींवर संघ घरी गेला.

शून्य_बरोबरी

पार्कचे उदाहरण बिनतोड आहे, परंतु तेवढ्यावरून निष्कर्ष काढण्याआधी 4 जुलै 2006 चा डॉर्टमुंडचा, जर्मनीविरुद्धचा विश्वचषकाचा उपांत्य सामना पुन्हा पाहावा अशी विनंती आहे. भारतात तो मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला होता आणि निर्णायक क्षण येईतो पहाटेचे तीन वाजत आले होते, त्यामुळे तो झोपेत गमावलेले इथे पुष्कळ जण असतील.

जादा वेळेत इटलीचे प्रशिक्षक लिप्पी यांनी असा काही जुगार खेळला, की शेवटी मैदानावर तोत्ती, जिलार्दिनो, याकिंता आणि डेल पिएरो असे चौघे आघाडीचे खेळाडू होते आणि मधली फळी जवळजवळ पिर्लो व गट्टुसो या दोघांवरच तोलली होती. 119 व्या मिनिटाला कॉर्नरवरचा चेंडू जर्मन बचावाने डोक्याने बाहेर काढला, तो पेनल्टी क्षेत्राबाहेर पिर्लोकडे आला. त्या जागेवरून, त्या वेळी, शंभरातले नव्याण्णव खेळाडू गोलवर फटका मारतात, आणि जर्मनांनीही तेच गृहीत धरले. पिर्लोने चेंडू मारला नाही. तो क्षेत्राच्या कडेकडेने उजवीकडे सरकत राहिला. एकामागून एक पांढरे सदरे त्याचा फटका अडवायला त्याच्याकडे ओढले गेले. नजर दुसरीकडेच ठेवून त्याने त्यांच्या मधून फाबिओ ग्रोसोच्या पायाशी चेंडू सरकवला, आणि ग्रोसोने डाव्या पायाने तो गोलरक्षक लेमनच्या हाताबाहेरून दूरच्या कोपऱ्यात वळवला. मिनिटभरात डेल पिएरोने दुसरा गोल केला. डॉर्टमुंडच्या मैदानावर जर्मनी तोवर कधीही हरले नव्हते.

पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी, एवढ्या गर्दीत, 119 मिनिटे पळून दमल्यानंतर त्याने हे केले. तेव्हा मोकळी जागा मिळाली तरच पिर्लो चालतो, हे विधान पुरते खरे नाही. त्याच स्पर्धेत घानाविरुद्ध इटलीचा पहिला गोल त्याचा, अंतिम सामन्यात मातेराझ्झीने डोक्याने मारलेला गोल त्याच्या कॉर्नरवर, आणि पेनल्टींच्या फेरीत इटलीची पहिली पेनल्टीही त्यानेच घेतली. घाना, जर्मनी आणि फ्रान्स या तिन्ही सामन्यांत तो सामनावीर होता. फ्रान्सच्या झिदानने मातेराझ्झीच्या छातीवर डोक्याने दिलेल्या त्या धडकेने अंतिम सामन्याची बाकी सगळी आठवण गिळून टाकली, हे पिर्लोचे दुर्दैव म्हणायचे.

तालीमकट्टा

शून्य_बरोबरी, जर्मनीपुरते मान्य. पण गट्टुसो तेव्हाही शेजारीच होता, एवढी नोंद करून ठेवतो.

शांभवी_त

मध्यरेषा यांच्या उत्तराने समाधान झाले. आता मिलानच्या चाहत्यांना एक बोचरा प्रश्न : 2011 मध्ये त्याला फुकट का जाऊ दिले?

उत्तररात्र

ही आमची दुखरी नस आहे, तरीही शक्य तितके निःपक्षपाती लिहितो. 2010-11 च्या हंगामात अलेग्री मिलानचे प्रशिक्षक झाले. त्यांना बचावफळीपुढे दणकट माणूस हवा होता. जानेवारीत फान बोमेल आला, पिर्लो दुखापतींनी बराच काळ बाहेर राहिला, आणि त्याच्याविना संघ चालतो असे चित्र निर्माण झाले. मिलानने त्या वर्षी लीग जिंकली, त्यामुळे त्या चित्राला आव्हान देणारे कोणी उरले नाही. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एकाच वर्षाचा करार द्यायचा, असा क्लबचा शिरस्ता होता. पिर्लो 32 वर्षांचा होता. युव्हेंटसने तीन वर्षे देऊ केली. दहा वर्षे, 401 सामने, आणि निरोप असा.

बचावात एवढेच म्हणता येईल, की युव्हेंटस तेव्हा सलग दोन वर्षे सातव्या क्रमांकावर राहिलेला संघ होता आणि आपण प्रतिस्पर्ध्याच्या हाती शस्त्र देत आहोत असे तेव्हा कोणालाच वाटले नाही. पुढच्याच हंगामात युव्हेंटस 38 पैकी एकही सामना न हरता 84 गुणांनी विजेते झाले आणि आम्ही 80 गुणांवर राहिलो. फेब्रुवारी 2012 मध्ये युव्हेंटसविरुद्ध आमच्या मुंतारीचा रेषेच्या कितीतरी आत गेलेला गोल पंचांनी दिला नव्हता, हे नमूद केल्याशिवाय मला हा परिच्छेद संपवता येत नाही. त्यानंतर लीग जिंकायला मिलानला 2022 उजाडले.

तूरिनकर

मुंतारीचा गोल होता, हे आम्हीही मान्य करतो. (त्याच सामन्यात मात्रीचा एक वैध गोल आमच्याही विरोधात गेला होता, पण ते असो.)

सध्या तूरिनमध्ये वास्तव्य असल्याने या शहरात पिर्लोविषयी काय बोलले जाते ते सांगतो. इथले जुने प्रेक्षक 11 सप्टेंबर 2011 च्या पार्माविरुद्धच्या सामन्याची आठवण काढतात. नवे स्टेडियम नुकतेच उघडले होते आणि लीगमधला तिथला तो पहिलाच सामना. त्या मैदानावरचा लीगमधला पहिला गोल लिश्टश्टायनरचा आहे, पण बचावपटूंच्या डोक्यावरून त्याच्यासाठी सोडलेला अलगद चेंडू पिर्लोचा होता. आणखी एका तशाच पासवर मार्किसिओने गोल केला आणि सामना 4-1 असा जिंकला. प्रशिक्षक अंतोनिओ काँते हे स्वतः मधल्या फळीत राबलेले खेळाडू होते. त्यांनी विदाल आणि मार्किसिओ यांना पिर्लोच्या दोन्ही बाजूंना धावते ठेवले, वर्षभराने त्यात पोग्बाची भर पडली. तालीमकट्टा यांचा मुद्दा इथे पुरेपूर लागू होतो. चार हंगाम, चार लीग विजेतेपदे, त्यांतले चौथे त्याच अलेग्री यांच्या प्रशिक्षणाखाली, ज्यांना मिलानमध्ये त्याची गरज वाटली नव्हती. दैवगती म्हणावी ती हीच. जून 2015 मध्ये बर्लिनला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाकडून 3-1 असा पराभव झाल्यावर तो मैदानावर रडला होता. चेहऱ्यावरची रेष हलू न देणारा हा माणूस रडताना पाहून आमच्यासारख्यांनाही कसेसेच झाले.

शून्य_बरोबरी

रडण्याचा विषय निघालाच आहे तर इस्तंबूल टाळून चालणार नाही. 25 मे 2005 रोजी तिथल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध पहिल्याच मिनिटाला पिर्लोच्या फ्री किकवर माल्दिनीने गोल केला, मध्यंतराला मिलान 3-0 ने पुढे होते, आणि उत्तरार्धातल्या सहा मिनिटांत सगळे धुऊन गेले. पेनल्टींमध्ये पिर्लोची पेनल्टी दुदेकने अडवली. नंतर त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे, की त्या रात्रीनंतर खेळ सोडून द्यावा असा विचार त्याच्या मनात आला होता.

24 जून 2012 ची, युरो स्पर्धेतली कीव्हमधली पेनल्टी मला या पार्श्वभूमीवर अधिक मोठी वाटते. इंग्लंडविरुद्ध माँतोलिव्होची पेनल्टी हुकली होती, इटली मागे होती, गोलरेषेवर इंग्लंडचा गोलरक्षक जो हार्ट उड्या मारत, तोंडे वेडीवाकडी करत होता. अशा वेळी पिर्लोने चेंडूखाली हलकेच पाय घालून तो गोलच्या मधोमध तरंगत सोडला. हार्ट तोवर आपल्या उजवीकडे झेपावून जमिनीवर पडला होता. इंग्लंडची पुढची पेनल्टी अ‍ॅशली यंगने आडव्या खांबावर मारली, त्यांचीच त्यानंतरची, कोलची, इटलीच्या बुफॉनने अडवली. पिर्लोच्या त्या पेनल्टीला शौक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. समोरचा गोलरक्षक नक्की झेप घेणार याचा तो थंड डोक्याने बांधलेला हिशेब होता.

शांभवी_त

फ्री किकविषयी कोणी लिहिणार असेल असे वाटून थांबले होते, शेवटी स्वतःच लिहिते. पिर्लो ल्योंच्या ज्युनिन्योचे सामने बारकाईने पाहत असे. त्या ब्राझिलियन खेळाडूचा चेंडू हवेत न फिरता जायचा आणि गोलजवळ पोहोचता पोहोचता अचानक खाली बसायचा. पिर्लोला ते रहस्य काही केल्या उलगडत नव्हते. अखेर त्याच्या ध्यानात आले की प्रश्न पावलाच्या कुठल्या बाजूने मारायचे हा नसून पावलाचा किती भाग चेंडूला लागू द्यायचा हा आहे. फक्त तीन बोटे, चेंडूच्या अगदी खालच्या भागावर, पाऊल शक्य तितके सरळ, आणि मग एकाच झटक्यात ढिले. सराव करणाऱ्यांनी बूट घालूनच करावा. अनवाणी करून पाहिल्यास बोटांची खैर नाही, हे अनुभवाने सांगते.

2014 च्या विश्वचषकात मानाउसला इंग्लंडविरुद्ध त्याने मारलेली फ्री किक पाहा. हार्ट एका बाजूला निघाला असताना चेंडू हवेतच दुसरीकडे वळला आणि आडव्या खांबावर आदळला. गोल झाला नाही, तरी त्या तंत्राचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

तालीमकट्टा

न्यू यॉर्कच्या संघाकडून खेळलेली शेवटची अडीच वर्षे वगळली तरी चालतील. नोव्हेंबर 2017 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा शेवटच्या सामन्यात 90 व्या मिनिटाला बदली म्हणून उतरला होता, एवढे पुरे. प्रशिक्षक म्हणून मात्र त्याने निराशा केली असे मला वाटते. तूरिनकर यांचे काय मत?

तूरिनकर

निराशा केली हे खरे, पण त्याला उभेच चुकीच्या जागी केले होते. 30 जुलै 2020 रोजी युव्हेंटसने त्याला 23 वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक नेमले आणि 8 ऑगस्टला, मुख्य प्रशिक्षक सार्री यांना काढल्यावर, थेट मुख्य संघ त्याच्या हाती दिला. एका सामन्याचाही अनुभव नसलेल्या माणसाकडे सलग नऊ वेळा लीग जिंकलेला, वय झालेला संघ! त्याने सुपर कप जिंकला, स्वतःच्या 42 व्या वाढदिवशी अटलांटाला 2-1 असे हरवून इटालियन कपही जिंकला; पण लीगमध्ये चौथा क्रमांक आला आणि चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोने बाहेर काढले. मेअखेरीस त्याला निरोप मिळाला आणि पुन्हा अलेग्री आले. त्या वर्षी लीग जिंकली इंटरने, आणि त्यांचे प्रशिक्षक होते काँते. तुर्कस्तानात कारागुम्रुक आणि नंतर सेरी बी मध्ये (इटलीची दुसऱ्या श्रेणीची लीग) सांपदोरिया, इथेही त्याचे बस्तान बसले नाही. या संघांत मधल्या फळीत त्याच्यासारखा खेळाडू नव्हता, आणि आपल्याला जे आपोआप दिसते ते इतरांना का दिसत नाही हे शिकवणे मुळात अवघडच असावे.

उत्तररात्र

मूळ प्रश्नाकडे परत येतो. मध्यरेषा यांचे ‘बाज्जो नसता तर’ हे मी आता निम्मे मान्य करतो. कारण हाच प्रयोग पुढे दुसऱ्यावर झाला, आणि तिथे बाज्जो नव्हता. पेस्कारा संघात मार्को वेर्रात्ती हाही आघाडीमागे खेळणारा मुलगा होता. 2011-12 च्या हंगामात प्रशिक्षक झेमान यांनी त्याला बचावापुढे आणले, पेस्कारा सेरी बी जिंकून वर आले, आणि तो सेरी आ मध्ये एकही सामना न खेळता थेट पॅरिसच्या क्लबकडे गेला. पॅरिसचे तेव्हाचे प्रशिक्षक कोण होते, तर अँचेलोटी. म्हणजे 2001 मध्ये जो नाइलाज होता तो दहा वर्षांत इटलीत रुळलेला मार्ग झाला होता, आणि तो रुळवण्याचे श्रेय मी मात्सोने यांना नव्हे, तर अजूनही अँचेलोटी यांनाच देईन.

मध्यरेषा

निम्मे मान्य केलेत, तेवढ्यावर समाधान मानतो. मात्र वेर्रात्तीची तुलना मला पूर्ण पटत नाही. तो अंगावर आलेल्या दोघातिघांना चकवून चेंडू बाहेर काढणारा, पिर्लो अंगावर कोणी येण्याआधीच चेंडू सोडून देणारा. पार्क जी-सुंग वेर्रात्तीच्या मागे लागला असता तर काय झाले असते, हा वेगळाच वाद आहे. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा, इथे विषयांतर होईल. सवडीने मीच काढतो, नाहीतर तालीमकट्टा यांनी काढावा.